हवाईहून परत आले, सुखरूप आहे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. आजीला पण वाचून दाखवा.

आधी तेच सांगते, मी ठीक आहे, काल रात्री सिअॅटलला पोचले. आई, तुझे व्हॉइस मेसेज सगळे ऐकले. एकटी पाण्यात गेले नव्हते, आम्ही चौघी होतो, पाणी छातीपर्यंतच होतं आणि टॉवरवर लाइफगार्ड बसलेला असतो. गणपतीला यायला तिकीट महाग म्हणाले आणि हवाईला बरी गेलीस, हे तू विचारलं नाहीस पण बाबांच्या "छान, छान"मध्ये मला ऐकू आलं. तर तिकीट मैत्रिणीच्या माइल्सवर (विमान कंपनीच्या पॉइंट्सवर) होतं, इथून सहा तासच लागतात, रूमचे पैसे चौघींत वाटले आणि सुट्टी चारच दिवस मिळाली. चार दिवसात मुंबई होते का?

जागा मात्र काय होती! बिग आयलंडवर कोना गाव आहे, तिथे काहालूउ बीच पार्क. एवढासा, शिवाजी पार्कच्या एका कोपऱ्यात मावेल. शेजारी लहानसं निळं चर्च. वाळू काळीपांढरी, कोणीतरी तीळ आणि खसखस एकत्र सांडल्यासारखी. काळी लाव्हाची, पांढरी प्रवाळाची. पांढऱ्यातली बरीचशी म्हणे पॅरटफिश प्रवाळ कुरतडून मागून सोडतात ती, हे कळल्यावर मी वाळूत बसून वडापाव खायची कल्पनाच सोडली (वडापाव नव्हताच, चिप्स होते).

आता ऐका गंमत. पाण्यात उतरायच्या आधी तिथे स्वयंसेवक उभे असतात, आपल्याकडे मंडळाचे कार्यकर्ते रांगेत उभे असतात तसे, पण ओरडत नाहीत, समजावतात. प्रवाळावर उभं राहायचं नाही, कारण तो दगड नाही, जिवंत असतो, काही जाती वर्षाला जेमतेम 1 सेंटीमीटर वाढतात. पाय टेकायचा तर फक्त वाळूवर. कासवापासून दहा फूट लांब. आणि सगळ्यात भारी म्हणजे सनस्क्रीन! आई, तू दादरहून घेऊन दिलेली ट्यूब मी काढली तर एक आजीबाई आल्या, चष्मा वर सरकवला, ट्यूब डोळ्याजवळ नेऊन बारीक अक्षरांवर अंगठा फिरवत फिरवत थांबल्या, ऑक्टिनॉक्सेट. ते किंवा ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेली सनस्क्रीन 1 जानेवारी 2021 पासून हवाईत विकतच नाहीत, पाण्यात उतरलं की प्रवाळाला त्रास होतो म्हणून. दंड वगैरे काही नाही हां, नुसतं गोड बोलून माझ्याकडून हातपाय धुवून घेतले आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालायला सांगितला. म्हणजे तू ओरडतेस तेच, "अंग झाक", पण माझ्या नाही, प्रवाळाच्या काळजीने.

बाबा, मला तेव्हा तुम्ही आठवलात. 2020 मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी-हाजीअलीची प्रवाळं उचलून दुसरीकडे नेली, ती बातमी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलीत आणि मी म्हणाले होते, मुंबईच्या गटारात कसली प्रवाळं. होती की.

कासव बघितलं. खडकावरचं शेवाळ खात होतं, लाट आली की ढकललं जायचं, परत तिथेच येऊन तोंड लावायचं, अगदी आजीसारखं, कोणी कितीही बोलावलं तरी ताटावरून उठायचं नाही. आजीला हे वाचू नका.

बाकी जेवतेय नीट, हे दर वेळी विचारू नकोस.

पैसे सोमवारी टाकलेत. सोसायटीच्या रिपेअरिंगचा आपला हिस्सा आणि वर थोडे आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. बाबा, एफडी मोडू नका, प्लीज.

ठाण्याच्या स्थळाचं, फोटो बघितला, मुलगा बरा वाटला, नाही म्हणत नाहीये. पण "लग्नानंतर मुलगी परत येणार का" हे त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं, त्याला काय उत्तर देऊ ते मला अजून सुचलेलं नाही. दोन आठवडे द्या. आणि त्यांना पाठवायला हवाईचा फोटो नको, मी खरंच काळी दिसतेय त्यात. मागच्या दिवाळीचा पाठव.

संध्याकाळच्या आरतीला इथे माझी सकाळ असते, साडेसातला फोन लावून ठेवा, मी ऑफिसला उशिरा जाईन. मोदक दाखवू नका फक्त. आणि बेबीआत्याने विचारलं तर मी ऑफिसच्या कामाला गेले होते.

तुमची,
चिऊ