फोटोत दिसलं, आता खातरजमा कर

बडोदे

चि. ऋजुता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले. कळी फुटलेली ती यीस्टची पेशी सुरेख आली आहे. प्रथिनाला लावलेल्या खुणेचा, औषधाआधी पेशीभर पसरलेला हिरवा रंग नंतर केंद्रकात एका ठिपक्यात गोळा झालेला स्वच्छ दिसतो. पण "आई, औषधाचं लक्ष्य सापडलं" असं इतक्यात म्हणू नकोस. प्रथिन हललं म्हणजे औषध त्यालाच चिकटलं असं होत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी व्हायचं!

रॅपामायसिन या औषधाचंच बघ. ते दिलं की यीस्टमधलं जीएलएन३ नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं. नुसता फोटो पाहणाऱ्याला तेच लक्ष्य वाटेल. खरं लक्ष्य टॉर, पेशीची वाढ सांभाळणारं प्रथिन. त्याला अडवलं की जीएलएन३ मोकळं सुटतं. टॉरचा माग १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला हाइटमन, मोव्हा आणि हॉल यांनी काढला, तोही साध्या प्लेटवर. औषध असूनही वाढणारं यीस्ट त्यांनी वेगळं काढलं आणि त्याचं कोणतं जनुक बदललंय ते शोधलं. माणसातलं टॉर त्यानंतर हाती आलं. रावपुऱ्यातले काका मूत्रपिंड बदलल्यापासून सिरोलिमस घेतात ना, ते हेच रॅपामायसिन. म्हणून "यीस्टवर काम करून काय मिळणार?" असं कुणी तुला म्हटलं की मला वाईट वाटतं.

तेव्हा आता दोन गोष्टी कर. द्विगुणित यीस्टमध्ये प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात; तुझ्या प्रथिनाच्या जनुकाची एकच प्रत उरलेला असा यीस्ट घे. लक्ष्य खरं असेल तर तो बहुधा कमी औषधातही मान टाकेल. शिवाय तुझ्या औषधाला दाद न देणारे यीस्ट मिळतात का तेही बघ. २००३ च्या यीस्टच्या संग्रहात ४,१५६ प्रथिनांना हिरवी खूण लावलेली आहे. त्यातली आणखी कोणकोणती जागा सोडतात हेही तपास. एकटं प्रथिन फार थोडं सांगतं.

आणि कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या पेशींत, नुसतं पाणी घालू नकोस, औषध ज्यात विरघळवलंस तेच तेवढंच घाल. मेलेली पेशीही हिरवी चमकते, हे मी कॉलेजातल्या मुलांना दरवर्षी प्रॅक्टिकलला दाखवते. तुझ्या तिसऱ्या फोटोतल्या उजव्या कोपऱ्यातल्या दोन पेशी मला तशाच वाटतात. त्या मोजणीतून काढ, मग आकडे पुन्हा कळव.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतात, दिवाळीचं तिकीट काढलंस का?