विरंगुळा केंद्रात एक व्हाइस बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात मी दोन वर्षं जाते आहे. वर्तमानपत्रं येतात, कॅरम आहे, गुरुवारी भजन असतं. माणसं मायेची आहेत. पण माझा जीव पाना-पक्कडीत रमतो, आणि त्यासाठी बसायला या एवढ्या मोठ्या शहरात मला जागा सापडत नाही. म्हणून हे पत्र: केंद्रात एक व्हाइस, म्हणजे काम करताना वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा, बसवावा.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत 29 वर्षं साहाय्यक होते. अडकलेले तराजू, आटे गेलेले स्टँडचे स्क्रू, तुटलेल्या वायरी, सगळं माझ्याच टेबलावर यायचं. निवृत्त झाले तरी हाताला चैन पडेना. गेल्या वर्षी गावच्या घराच्या पडवीतून माझी 1987 सालची लुना बाहेर काढली. किनेटिकची लुना 1972 साली बाजारात आली, तेव्हापासून किती बायका तिच्यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसल्या असतील! गिअर नाही, वजन हलकं, आणि पेट्रोल संपलंच तर पायडल मारत घर गाठता येतं. माझी पहिली गाडी तीच.

कार्बोरेटरचा जेट साफ करणं, प्लग बदलणं, सायलेन्सरमधला काजळीचा थर खरवडणं ही कामं चार दिवसांत उरकली. अडलं ते पायडलच्या कॉटर पिनेपाशी, म्हणजे पायडलचा दांडा आसाला घट्ट बसवणाऱ्या छोट्या लोखंडी पिनेपाशी. जुनी पिन गंजून बसलेली, ठोकून काढावी लागली. नवी पिन आणली की लगेच बसते असं नाही. तिची चपटी बाजू कानशीने थोडी थोडी घासत न्यावी लागते, तरच दोन्ही पायडल एका रेषेत येतात. जास्त घासली की पिन आरपार निघून जाते. मी पिनेला काजळाचा पातळ हात द्यायची, हलकेच बसवून परत काढायची, आणि जिथलं काजळ पुसलं गेलं असेल तिथेच कानस चालवायची. पण त्यासाठी पिन घट्ट धरणारा व्हाइस लागतो आणि व्हाइसला न हलणारं टेबल. मी व्हाइस गॅलरीतल्या जुन्या लाकडी टेबलावर बसवला होता. कानशीबरोबर टेबलही हलायचं. तिसऱ्या दिवशी पिन निसटली, बोटांची सालं निघाली आणि घासलेली बाजू तिरकी झाली. पुन्हा नाना पेठेतलं सुट्या भागांचं दुकान, पुन्हा नवी पिन, पुन्हा काजळ.

खालच्या मजल्यावरच्या मुलाची रात्रपाळी असते. ठोकाठोकीने त्याची झोपमोड व्हायची, त्याची तक्रार मला पटते. मग मी खाली पार्किंगमध्ये बसायला लागले, तर आठवड्याभरात फलकावर सूचना आली की पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामं करू नयेत. सोसायटीशी मला भांडायचं नाही. घर हे घर आहे, पार्किंग हे पार्किंग. पण मग हौशी माणसाने हत्यारं घेऊन जायचं कुठे?

माझ्याजवळ बसून बघणारी इमारतीतली दोन मुलं होती, एक आठवीतली, एक सहावीतला. त्यांना मी बेअरिंगची गाडी सांगितली. आमच्या वाड्यात प्रत्येक घरात एक असायची: फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, गॅरेजमधून मागून आणलेली बेअरिंगं, आणि पुढची पट्टी वळवायला सुतळी. उतारावरून आली की फरशीवर असा खर्रर्र आवाज व्हायचा की आजी दारात यायची. मुलांनी दुसऱ्या दिवशी खरंच तीन बेअरिंगं आणली. त्यांना फळी आणून दिली, पण तिला भोक पाडायला जागा मिळाली नाही. ती बेअरिंगं अजून माझ्या डब्यात आहेत.

मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघाव्यात म्हणून शाळांमध्ये असलेल्या अटल टिंकरिंग लॅब मला माहीत आहेत, त्या फार चांगल्या आहेत. पण शाळा सुटली की कुलूप लागतं, आणि साठीच्या बाईला तिथे कोण घेणार? आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, सुतारकाम, शेतीची कामं हाताने करत शिकतात, आणि 2002 पासून तिथे फॅब लॅबही आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवण्याची कार्यशाळा. एका खेडेगावात हे उभं राहिलं. पुण्यात आम्ही निदान एका व्हाइसपासून सुरुवात करू शकतो.

मागणी थोडकीच आहे. एका विरंगुळा केंद्राची एक खोली, किंवा मागची पत्र्याची शेडसुद्धा चालेल. जमिनीला बोल्टने आवळलेलं एक मजबूत टेबल. त्यावर व्हाइस, भिंतीला हत्यारांची फळी, प्रत्येक हत्याराची बाह्यरेखा रंगवलेली, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच दिसतं. आमच्या प्रयोगशाळेत हेच होतं आणि इतक्या वर्षांत दोन पक्कडी हरवल्या, बस. सकाळी दहा ते एक, नोंदवही, डोळ्यांवर चश्मा घातल्याशिवाय ड्रिलला हात नाही, वेल्डिंग आणि ग्राइंडर अजिबात नको. रविवारी मुलांना आजी-आजोबांबरोबर येऊ द्यावं. आमच्या केंद्रात निवृत्त फिटर आहेत, टर्नर आहेत, एक गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. ते सगळे आता दुपारपर्यंत पेपर वाचत बसतात.

माझी लुना जूनमध्ये सुरू झाली. स्टँडवर लावून पायडल मारले, चौथ्या फेरीला तिने निळा धूर सोडला आणि आवाज लागला. मी आणि ती दोन मुलं तिथेच उभी राहून टाळ्या वाजवत होतो.

माझा चार इंची व्हाइस, कानशींचा संच आणि पान्यांची पेटी मी केंद्राला द्यायला तयार आहे. संबंधितांनी फक्त टेबल जमिनीला आवळून द्यावं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
धनकवडी, पुणे