प्रोग्रॅम बंद पडून पुन्हा न उघडण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक साहाय्य विभाग

विषय : पानमांडणीचा प्रोग्रॅम अचानक बंद पडून पुन्हा न उघडणे आणि त्यावर आपल्या विभागाने दिलेला निरुपयोगी सल्ला याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या पानमांडणीच्या प्रोग्रॅमची मी वार्षिक वर्गणीदार असून माझे रोजचे काम त्याच्यावरच चालते. एका मोठ्या पुस्तकाची फाईल आपोआप सेव्ह होत असताना हा प्रोग्रॅम थिजला, काही वेळाने त्याची खिडकी नाहीशी झाली आणि त्यानंतर तो उघडेनासा झाला. चालता प्रोग्रॅम एखादे वेळी बंद पडणे मी समजू शकते. परंतु एकदा बंद पडलेला प्रोग्रॅम कायमचाच बंद राहावा आणि त्याचे कारण शोधण्याऐवजी आपल्या विभागाने ‘काढून पुन्हा टाका’ एवढाच धोशा लावावा, हे मला मान्य नाही.

प्रोग्रॅमच्या चिन्हावर दोनदा क्लिक केल्यावर बाण क्षणभर फिरत असे आणि पुढे काहीच घडत नसे. ना खिडकी, ना सूचना. टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तेव्हा आधी थिजलेली प्रत ‘डिटेल्स’च्या यादीत तशीच बसलेली दिसली. आपला प्रोग्रॅम एका वेळी एकच प्रत चालू देतो, त्यामुळे पडद्यामागे अडकलेली ती प्रत नव्या प्रतीला आत येऊ देत नव्हती. ‘एंड टास्क’ करून ती काढल्यावर प्रोग्रॅम थोडा पुढे सरकला, म्हणजे सुरुवातीचे चित्र दिसू लागले आणि अलीकडच्या फाईली उघडण्याच्या टप्प्यावर तो पुन्हा मुकाट्याने बंद होऊ लागला. हे दरवेळी त्याच जागी होत होते, यावरूनच बिघाड योगायोगाचा नाही हे कोणाच्याही लक्षात यायला हवे होते.

आपल्या साहाय्य प्रतिनिधींना मी हा सर्व तपशील लिहून कळवला. उत्तरादाखल आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करण्याचा, मग प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकण्याचा, पुढे अँटिव्हायरस बंद करण्याचा आणि अखेरीस चक्क विंडोजच नव्याने टाकण्याचा सल्ला मिळाला. प्रत्येक पत्राला नवा प्रतिनिधी उत्तर देत होता आणि आधीचा पत्रव्यवहार न वाचता विंडोजची आवृत्ती कोणती, हाच प्रश्न विचारत होता. माझ्याकडून उत्तर गेलेले असतानाही एक तक्रार ‘समाधान झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. समाधान नक्की कोणाचे झाले, ते कळवल्यास बरे होईल.

शेवटी कारण मीच शोधले. विंडोजमधील बिघाडांच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘ॲप्लिकेशन’ या भागात, प्रोग्रॅम बंद पडल्याच्या प्रत्येक वेळेसमोर १००० क्रमांकाची नोंद होती. तिच्यातील एक्सेप्शन कोडचा, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाचा, शेवट ‘सी००००००५’ असा होता, म्हणजेच प्रोग्रॅमने मुभा नसलेल्या मेमरीला हात घातला होता, आणि दोषी मॉड्यूल (घटक) म्हणून आपल्याच प्रोग्रॅमच्या मुख्य फाईलचे नाव होते. ही नोंद एकटी निर्णायक नसते, हे मला ठाऊक आहे; बाहेरच्या एखाद्या घटकाने केलेली खराबीही कधी कधी दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या सोडून बाकीच्या सर्व सर्व्हिसेस आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद ठेवून कॉम्प्युटर चालू केला. काही फरक पडला नाही. त्यानंतर त्याच कॉम्प्युटरवर नवे युजर खाते तयार केले आणि त्या खात्यातून आपला प्रोग्रॅम पहिल्याच झटक्यात उघडला.

या एका चाचणीने बरेच काही स्पष्ट झाले. मशीन तेच, विंडोज तेच, प्रोग्रॅमच्या फाईलीही त्याच. वेगळे होते ते फक्त माझ्या खात्यातील सेटिंग्ज. त्या ‘ॲपडेटा’ या एरवी लपलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि आपला प्रोग्रॅम काढताना त्यांना धक्काही लागत नाही. सेटिंग्ज मागे ठेवण्यात गैर काही नाही, ग्राहकाची मांडणी त्यामुळे शाबूत राहते. पण मग प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकल्याने खराब सेटिंग्ज कशा दुरुस्त होणार होत्या? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा कारभार झाला.

‘ॲपडेटा’मधील आपल्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या फोल्डरचे नाव बदलून ठेवताच माझ्या नेहमीच्या खात्यातूनही प्रोग्रॅम उघडला. जुन्या फाईली थोड्या थोड्या करून परत ठेवत गेल्यावर खरी मेख सापडली: उघड्या फाईलींची यादी सांभाळणारी फाईल शून्य बाइटची झाली होती. सेव्ह करणे मध्येच तुटल्यामुळे ती रिकामी राहिली असावी, असा माझा अंदाज आहे. प्रोग्रॅम मात्र सुरू होताना ती वाचायला जात होता आणि आत काहीच नसल्याने कोसळत होता. नवा मजकूर आधी तात्पुरत्या फाईलमध्ये पूर्ण लिहून मगच तिला जुन्या फाईलची जागा द्यावी, ही पद्धत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना नवी नाही. तेवढेही जमले नाही, तर खराब यादी बाजूला सारून कोऱ्या यादीने सुरुवात करणे आणि तसे ग्राहकाला सांगणे, एवढी अपेक्षा पैसे मोजून घेतलेल्या प्रोग्रॅमकडून गैरवाजवी नाही.

आणखी एक बाब गंभीर आहे. आपल्याच सल्ल्यानुसार प्रोग्रॅम वारंवार काढून पुन्हा टाकल्यामुळे माझ्या परवान्यावरील ॲक्टिव्हेशनची (परवाना कॉम्प्युटरवर लागू करण्याची) मर्यादा संपली आहे आणि माझ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मला तो सुरू करता येत नाही. ही मर्यादा तातडीने पूर्ववत करावी आणि काम अडून राहिले त्या काळाइतकी वर्गणीची मुदत वाढवून द्यावी. वरील दोषाची नोंद करून दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत होणार आहे, हे लेखी कळवावे. दुरुस्ती होईपर्यंत, सेटिंग्जचे फोल्डर नेमके कोठे असते आणि त्याचे नाव कसे बदलावे, ही माहिती तरी प्रतिनिधींनी ग्राहकाला सर्वात आधी द्यावी; विंडोज नव्याने टाकण्याची वेळ त्यानंतर बहुधा कोणावर येणार नाही.

या पत्राला साचेबंद उत्तर पाठवू नये, तसेच सोबतच्या नोंदी दुरुस्तीचे काम पाहणाऱ्या विभागाकडे पोहोचल्याची पोच द्यावी, ही विनंती.

आपली,
एक वर्गणीदार ग्राहक

सोबत : १) इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदींची प्रत २) शून्य बाइटची मूळ फाईल आणि सेटिंग्जच्या फोल्डरची प्रत ३) आपल्या विभागाशी झालेला पत्रव्यवहार