ठरावावर माझीच सही

संपादक महोदय,

आमच्याकडे सगळे ज्याला ‘पोकरा’ म्हणतात, त्या शेततळी, शेळ्या अशांसाठी अनुदान देणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांतल्या ७,२०१ गावांसाठी आहे, खर्च सहा हजार कोटींचा. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ला पहिला टप्पा आला, तेव्हा त्याचे अर्ज ठराव करून मंजूर करणाऱ्या गावच्या समितीत मी होते. त्यावरून थोडे.

समितीत बायका हव्यात म्हणून माझे नाव गेले. बैठक संध्याकाळी सातला, पारावर. ती धारांची आणि चुलीची वेळ. शिवाय पारावर बाई बसत नाही, हे कुठे लिहिलेले नसले तरी सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या दिवशी पुतण्या रजिस्टर घेऊन दारात. “काकू, इथं एक सही.” मी पिठाची बोटे पदराला पुसायची आणि सही करायची. अशा किती केल्या, मोजल्या नाहीत.

त्यातल्या एका सहीचा अर्थ पुढच्या वर्षी कळला. माझ्या विहिरीपासून शंभरेक पावलांवर शेततळे झाले, पन्नी अंथरून. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल. वीसेक लाख लिटर पाणी मावते. मला वाटले, पावसाने भरेल. ते भरले दिवाळीनंतर, शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीने, मोसंबीसाठी. फेब्रुवारीत माझ्या विहिरीचा तळ दिसला. बोलायचे कोणत्या तोंडाने? ठरावावर माझीच सही.

अनुदानाचेही तसेच. आधी पदरचे घाला, मग खात्यावर येणार. भूमिहीन विधवांसाठी शेळ्यांची सोय होती, पण आमच्या गल्लीतली एक जण “आधी घ्यायला पैसे कुठून आणू?” म्हणत राहिली आणि यादी पुढे गेली.

माझे मागणे लहान आहे. बैठक दुपारी, अंगणवाडीत घ्या. ठराव मोठ्याने वाचून दाखवा. शेततळ्याच्या अर्जावर पाणी कुठून भरणार, तेही लिहून घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा तर कायद्यातच आहे. निदान तिचे रजिस्टर घरोघर फिरवू नका.

यंदा समितीसाठी माझ्या सुनेचे नाव सुचवल्याचे ऐकते. तिला सांगून ठेवले आहे, पुतण्या दारात आला की चहा टाक, आणि म्हण, “भाऊजी, आधी वाचा.”

— एक माजी समिती सदस्य, जि. जालना