‘नोंद घेण्यात आली आहे’: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं उत्तर काल हाती पडलं. ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून ते पुढील उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात आले आहे.’ ते पत्र मी पाठवलं तेव्हा माझा नवरा आयसीयूत होता. उत्तर आलं तेव्हा त्याला जाऊन महिना होत आला होता. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. ते कुठल्या टेबलावर पडून राहतं, हे चार लोकांना दिसू दे.

गेल्या वर्षी एका कर्करोग विभागाच्या उद्घाटनात आपण जाहीर केलं होतं, की इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढवणारी औषधं, घेणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या खिशात एक इशारा-कार्ड असेल आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना या औषधांच्या दुष्परिणामांचं प्रशिक्षण मिळेल. मी त्या सभागृहात होते. नवऱ्याचे डोस तेव्हा सुरू व्हायचे होते. मला केवढा धीर आला होता! ते कार्ड आम्हाला शेवटपर्यंत मिळालं नाही. इतर पेशंटांच्या नातेवाइकांना विचारलं, त्यांच्यापैकी कोणी ते पाहिलेलंही नाही.

औषधाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. त्याच्या फुप्फुसातली गाठ पहिल्याच स्कॅनमध्ये निम्म्यावर आली होती. आपल्या शरीरातल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवरून धरणारा पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. हे औषध तो ब्रेक सोडतं, मग त्या पेशी कर्करोगावर तुटून पडतात. असे ब्रेक सोडवून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. पण सुटलेल्या पेशी कधी कधी निरोगी अवयवांवरही उलटतात. फुप्फुसावर उलटल्या की होतो तो न्यूमोनायटिस, म्हणजे जंतूंशिवाय होणारा फुप्फुसाचा दाह. यात गुपित काहीच नाही. औषधाच्या माहितीपत्रकात ते छापलेलं असतं.

कोरडा खोकला आधी आला. मग जिना चढताना धाप. मग एका रात्री तो पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसला आणि त्याला एक वाक्य सलग बोलता येईना. ऑक्सिमीटर बसल्या जागी 93 दाखवत होता. बाथरूमपर्यंत जाऊन आला की 86. कॅज्युअल्टीत मी पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘इम्युनोथेरपी चालू आहे.’ केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘केमो चालू’. एक्स-रे काढला, त्यात विशेष काही नाही म्हणाले. अँटिबायोटिक सुरू झालं, दोन दिवसांनी बदललं, मग आणखी एक. त्याच्या कर्करोगाच्या डॉक्टरांना फोन करा म्हणून मी हात जोडले. ‘सोमवारी ओपीडीत दाखवा’ असं उत्तर मिळालं. तोवर तो मास्क बाजूला करून मला एकेका शब्दाने विचारत होता, ‘गाठ... कमी... झाली... ना?’ हो, झाली होती. गाठ कमी होत असताना माझा माणूस गुदमरत होता.

सीटी झाला तेव्हा दोन्ही फुप्फुसांत ‘ग्राउंड ग्लास’चे, म्हणजे धुरकट काचेसारखे दिसणारे दाहाचे पट्टे पसरलेले होते. मग कुठे स्टिरॉइड सुरू झालं. फार उशीर झाला होता.

त्या रेसिडेंट डॉक्टरवर माझा राग नाही. तो पोरगा सलग ड्यूटीवर उभा होता, आणि या दाहाबद्दल त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. राग आहे तो ज्यांनी शिकवायचं कबूल केलं होतं त्यांच्यावर. म्हणजे तुमच्यावर.

‘दुर्मिळ दुष्परिणाम’ म्हणून तुमचे अधिकारी हात झटकतील, म्हणून आकडे देते. पीडी-१ रोखणारं एकच औषध घेणाऱ्या शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणांना हा दाह होतो. सीटीएलए-४ या अशाच दुसऱ्या ब्रेकवरचं औषध जोडीला दिलं तर प्रमाण दहापर्यंत जातं. फुप्फुसाचा कर्करोग असलेल्यांत, छातीला रेडिएशन झालेल्यांत आणि आधीपासून फुप्फुसाचा आजार असलेल्यांत धोका जास्त. चाचण्यांतून अशा नाजूक फुप्फुसांच्या पेशंटांना बहुतेकदा वगळलेलं असतं, पण वॉर्डात तेच येतात. दुखणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं. पण पहिल्या काही आठवड्यांतही होतं, आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पीडी-१ गटाच्या औषधांच्या दुष्परिणामांनी जे मृत्यू झाले, त्यांतले 35 टक्के या फुप्फुसदाहाचे होते. सगळ्यांत मोठा वाटा हाच.

आणि यावर उपाय नाही असंही नाही. औषध थांबवायचं, लवकर सीटी करायचा, कारण सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो. संसर्ग आहे का ते तपासायचं, आणि गंभीर पेशंटला तो निकाल येईपर्यंत ताटकळत न ठेवता अँटिबायोटिकच्या जोडीनेच वजनानुसार स्टिरॉइड द्यायचं. उतार पडला की ते एकदम न तोडता निदान चार ते सहा आठवड्यांत कमी करत आणायचं. दोन दिवसांत फरक पडला नाही तर पुढची औषधं आहेत, इन्फ्लिक्सिमॅब आहे, मायकोफेनोलेट आहे. हे सगळं मी त्याच्या उशाशी बसून, फोनवर वाचून शिकले. एका पेशंटच्या बायकोला जे रात्रीत कळतं, ते तुमच्या खात्याला कॅज्युअल्टीच्या भिंतीवर एका कागदावर लावता येत नाही?

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं आहे: ‘फुप्फुसाचा कर्करोग, न्यूमोनिया’. औषधाचं नाव नाही, दाहाचं नाव नाही. दुष्परिणामाची नोंद करणारा फॉर्म भरला का, असं मी विचारलं. फॉर्म कुठे मिळतो हेच तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे माझा नवरा तुमच्या हिशेबात कर्करोगाने गेला. असे किती जण त्या रकान्यात ढकलले गेले असतील? मोजायचंच नाही, मग सभागृहात उभं राहून ‘अशी प्रकरणं अत्यल्प आहेत’ म्हणायला तुम्ही मोकळे.

तुमच्या खात्याचं सगळं असंच चालतं. यंत्र आलं की फीत कापायला तुम्ही हजर, ते चालवणारा माणूस नेमायची फाइल मात्र वर्षानुवर्षं फिरते. नवं औषध आलं की जाहिरातीत तुमचा फोटो. ते औषध घेऊन घरी गेलेल्या माणसाला मध्यरात्री धाप लागली तर त्याने कुठे फोन करायचा, हे ठरवायला कोणाला वेळ नाही. निवडणुका येतात, मंत्री बदलतात, घोषणा तीच राहते, आणि जाब विचारायला गेलं की कागद पुढच्या विभागाकडे जातो. कर भरणाऱ्याने, रांगेत उभं राहणाऱ्याने, मत देणाऱ्याने आणखी काय करायचं असतं? मेल्यावरसुद्धा त्याला खरं कारण लिहून मिळत नाही.

मला भरपाई नको, आणि भेटीची वेळही नको. ते कार्ड कोणत्या तारखेपासून मिळणार, ते सांगा. इम्युनोथेरपी चालू असलेला किंवा पूर्वी घेतलेला पेशंट नवा खोकला वा धाप घेऊन आला, तर त्याच दिवशी सीटी आणि त्याच्या कर्करोगतज्ज्ञाला त्याच रात्री फोन, हा आदेश कधी निघणार, ते सांगा. रात्रंदिवस चालणारा एक फोन नंबर द्या. आणि माझ्या नवऱ्याच्या मृत्यूची नोंद दुरुस्त करण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि पद लिहून कळवा. अर्ज माझ्याकडे तयार आहे.

एका पेशंटची पत्नी