जाडी घराण्याची की रस्त्याची?

महोदय,
'आमच्या घराण्यातच जाडी आहे,' असं तालमीत येणारे पालक सांगतात. थोडं खरंही आहे. २००७ साली वजनाशी संबंध असलेल्या एफटीओ या जनुकाचा जो प्रकार सापडला, तो आईवडील दोघांकडूनही आला तर वजन सरासरी ३ किलोंनी जास्त भरतं, असं युरोपातल्या अभ्यासात दिसलं. तीनच किलो! व्यायामानं तर त्याचा जोर आणखी उतरतो. मग बाकीचं वजन आलं कुठून? आमच्या पेठेतली पोरं शाळेला दारातून रिक्षानं जातात, खेळायच्या जागेवर मोटारी लागतात. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय, आपली भारतीय बाळं वजनानं कमी, पण त्या वजनाच्या मानानं चरबीनं जास्त असतात. म्हणून या पोरांची मला फार काळजी वाटते. महापालिकेनं संध्याकाळी तरी मैदानं मोकळी करून द्यावीत. आणि तालमींनी मुलींनाही आखाड्यात घ्यावं.

– एक वस्ताद, शिवाजी पेठ, कोल्हापूर