इंजिन उघडू नकोस, आधी माउंटिंग बघ

रामबाग, इंदूर

प्रिय शिऱ्या,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास की गॅरेजवाल्यानं इंजिन खोलायला सांगितलंय आणि एवढा खर्च करण्यापेक्षा काकांची मारुती ८०० भंगारात द्यावी असं घरात चाललंय. पोरांच्या कालव्यात नीट बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. थोडा थांब. गाडी देऊ नकोस आणि इंजिनाला कुणाला पाना लावू देऊ नकोस.

तू सांगितलंस ते असं: सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला की दारंसुद्धा वाजतात. क्लच सोडला की खालून धाडकन आवाज येतो. गिअरचा दांडा हातात उडी मारतो. पण हायवेवर गाडी मऊ चालते, धूर नाही, ऑइल खात नाही, ॲव्हरेज पूर्वीचंच. अरे, रिंग-पिस्टन गेलेलं इंजिन ऑइल पितं, धूर सोडतं, चढावर दम टाकतं. यातलं एकही लक्षण तुझ्या गाडीत नाही. मला तर वाटतं इंजिन ठणठणीत आहे, त्याला धरून ठेवणारं रबर, म्हणजे माउंटिंग, संपलंय. आमच्या ८०० चं नुकतंच हेच काम करून घेतलं आणि मी सगळा वेळ मिस्त्रीच्या शेजारी उभा होतो, म्हणून इतक्या खात्रीनं सांगतोय.

आपल्या ८०० ला माउंटिंगची जास्तच गरज असते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्यास तर सेकंदाला २० धक्के. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलत असतं. हा सगळा डोल रबरानं गिळायचा असतो. रबर कडक झालं किंवा फाटलं की तोच डोल थेट पत्र्यात उतरतो. म्हणून थरथर आयडलिंगला सगळ्यात जास्त. वेग घेतला की धक्के इतके जवळजवळ येतात की अंगाला फारसे लागत नाहीत.

इंजिन रबरावर नीट तोलून टांगायची युक्ती १९३१ साली अमेरिकेत क्रायसलरनं प्लिमथ गाडीत आणली आणि तिला ‘फ्लोटिंग पॉवर’ असं नाव दिलं. इंजिनाला त्याच्या तोलाच्या रेषेभोवती थोडं डोलू द्यायचं, पण तो डोल गाडीपर्यंत पोचू द्यायचा नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएननं ती आपल्या गाड्यांत घेतली. रबराच्या एवढ्याशा तुकड्याचं हे काम मला आजही फार मोठं वाटतं.

आता तपासणी. बॉनेट उघड, हँडब्रेक ओढ, चाकांना विटा लाव. आत वहिनींना बसव, पाय ब्रेकवर. तू बाजूला उभा राहा, गाडीच्या समोर अजिबात नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेल इतकाच सोडायला सांग, मग तसंच रिव्हर्समध्ये. इंजिन थोडं कलेल, ते चालतं. पण ते उसळून आदळलं तर माउंटिंग गेलं समज. त्याआधी प्लग आणि प्लगच्या वायरी मात्र बघून घे. तीनातला एक सिलिंडर नीट पेटत नसेल तरी गाडी अशीच हादरते, पण मग ती ओढतही नाही.

आमचं जुनं माउंटिंग निघालं ते मी हातात घेऊन पाहिलं. वरून नुसत्या बारीक भेगा दिसत होत्या, त्या तर उन्हातान्हातल्या कुठल्याही रबराला पडतात. उलटं केलं तर एका बाजूला रबर लोखंडी पट्टीपासून पार सुटलेलं, बोट आत जाईल इतकं. सुटलेल्या जागी पट्टी घासून आरशासारखी चकचकीत झालेली. कडेचा भाग मऊ, फुगलेला, नखानं खरवडलं तर काळा लगदा निघत होता. वरच्या गळतीतून इंजिन ऑइल महिनोन्‌महिने त्यावर ठिबकत होतं. नैसर्गिक रबराचं ऑइलशी अजिबात जमत नाही. म्हणून आधी गळती बंद केली, मग नवीन बसवलं. तुझ्याकडे वरून ग्वाल्हेरचा पंचेचाळीसच्या पुढचा उन्हाळा, त्यात बॉनेटखालची आच. इतकी वर्षं ते रबर टिकलं हेच खूप.

बदलायचं तर सगळी माउंटिंग एकदम बदल. एकच नवीन घातलं की सगळा भार त्यावर येतो. ऑइल चेंबरखाली जॅक लावताना मध्ये लाकडाची फळी हवीच, नाहीतर चेंबरला पोचा पडतो. बोल्ट आधी सगळे सैल बसवायचे, इंजिनाला आपल्या जागी बसू द्यायचं, आणि मगच एकेक आवळायचा. आमच्या मिस्त्रीनं यासाठी मुद्दाम वेळ घेतला. त्याचा धाकटा मदतनीस घाई करायला लागला तेव्हा त्याला म्हणाला, ‘पहले इंजन को बैठने दे, फिर कसना.’ ताणून बसवलेलं नवीन माउंटिंगही थरथर देतंच.

गाडी वर घेतलीच आहे तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि स्टॅबिलायझर बारचे (पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी सळई) बुश, म्हणजे त्यांच्या सांध्यातली रबरं, बघितल्याशिवाय खाली उतरवू नकोस. स्पीडब्रेकरवर खट्‌ वाजतं म्हणालास ना? ८०० मध्ये स्टॅबिलायझर बार नुसतं गाडीचं कलणं सांभाळत नाही, लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवायचं कामही तिचंच. तिचे बुश झिजले की ब्रेक दाबल्यावर चाक जागचं हलतं आणि गाडी एका अंगाला ओढते. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवून बघायला सांग, झीज डोळ्यांना दिसते. जुना बुश प्रेसवर काढायचा, हातोड्यानं ठोकायचा नाही. नवीन सरकत नसेल तर साबणाचं पाणी. ग्रीस किंवा ऑइल लावू देऊ नकोस.

आणि ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट. लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळायचा नाही. त्या बुशात रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला की नळी त्याच स्थितीत जखडते. मग गाडी खाली घेतली की रबर उभ्या गाडीतसुद्धा कायम पिळलेलं राहतं, आणि फार लवकर फाटतं. लोक मग पार्टला नावं ठेवतात. गाडी पिटवर (गॅरेजमधल्या खड्ड्यावर) घ्यायला सांग, चारही चाकांवर वजन येऊ दे, एक-दोनदा बॉनेट दाबून सस्पेन्शन बसू दे, आणि मग खाली उतरून शेवटचा आवळा. गॅरेजवाला ‘क्या फरक पड़ता है’ म्हणाला तर गाडी तिथून सरळ बाहेर काढ. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती काकांची गाडी द्यायची नाही. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घे.

पार्ट कंपनीचेच घे. दिसायला डुप्लिकेटही तसाच असतो, पण त्याचं रबर धातूला धड चिकटलेलं नसतं. पॉलीयुरेथेनचे बुश कुणी सुचवले तर नको म्हण. ते टिकतात, पण कडक असतात आणि काकूंना मागच्या सीटवर प्रत्येक खड्डा कळेल. सायलेन्सर टांगायची रबरं मात्र लगे हात बदल, ती स्वस्तात येतात आणि अर्धी खडखड तिथूनच असते.

पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन तू आत्ताच रिन्यू केलंस, म्हणजे पाच वर्षांची मुदत हातात आहे. शाळेत असताना काका आपल्याला याच गाडीतून तिघर्‍याच्या धरणावर घेऊन गेले होते. ती रबराच्या दोन-चार तुकड्यांपायी भंगारात जावी हे मला सहन होत नाही.

तुमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपनीचे पार्ट मिळाले नाहीत तर कळव. मी इथून घेऊन रात्रीच्या बसनं पाठवतो. रविवारी क्लच सोडून माउंटिंगची तपासणी करशील तेव्हा वहिनींना व्हिडिओ कॉल लावायला सांग आणि मोबाइल इंजिनावर धर, मला इंजिन किती उसळतंय ते बघायचंय. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या